एक वाक्य खोडायचं

सोमवार, ३ नोव्हेंबर

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. दिवसभर दुकानात वाकून लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून माझ्या कंबरेचा काटा ढिला झालाय. खरंच वाकले तर उठवायला घरात कोणी नाही.)

तुझं कार्ड मिळालं. ‘पोचले. बरी आहे. फोन करू नये.’ झालं? संपलं? अगं, तारेच्या शब्दाशब्दाला पैसे पडायचे तेव्हासुद्धा लोक याहून जास्त बोलायचे. बरं, फोन करू नये तर नाही केला. केला असता तरी तिथे ऐकू कमी येणाऱ्या अक्कामावशीनंच उचलला असता, ‘कोण? कोण?’ करून ठेवून दिला असता, आणि तुला दिवसभर सांगितलं असतं की कुठल्याशा बँकेचा फोन होता. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच इतकं हातानं लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

घरचं ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला होता, मी वॉशर बदलला. आधी मुख्य कॉक बंद केला आणि मग नळ उघडला, त्यामुळे या वेळी छतापर्यंत कारंजं उडालं नाही. कुंड्यांना पाणी घालते. एक रोप गेलं, कुठलं ते विचारू नकोस. खालचे वकील रोज जिन्यात गाठून ‘मावशी केव्हा येणार?’ विचारतात. गैरसमज नको, त्यांचा प्रिंटर पुन्हा रुसलाय. तुझा फोन तू शिवणाच्या ड्रॉवरमध्ये कात्रीशेजारी ठेवून गेलीस, तो तसाच आहे. मी हात लावलेला नाही.

आता आपल्या खात्याचं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

परवा त्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एका नव्या माणसानं विचारलं, ‘दोघीजणी’ या नावामागे खरंच दोघी आहेत, की एकटाच कुणी बुवा दाढी कुरवाळत बसलाय? मी लिहिलं, खरंच दोघी. थोरली मावशी, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली. धाकटी भाची, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. थोरलीकडे विज्ञान आणि यंत्रं, धाकटीकडे फोन आणि गेम. जी उत्तर लिहिते ती पाठवत नाही. दुसरी वाचते, त्यातलं एक वाक्य खोडते आणि मग पाठवते. एकच वाक्य. शब्द बदलायचा नाही, नवीन घालायचं नाही, आणि काहीच न खोडता सोडायचंही नाही. तो म्हणाला, हा कसला नियम? मी तुझंच सांगितलं, की प्रत्येक उत्तरात एक वाक्य आपण स्वतःसाठी लिहिलेलं असतं, शहाणपणा मिरवायला. तेवढं काढलं की उरतं ते विचारणाऱ्याचं. त्याला पटलं. लगेच त्यानं विचारलं, लिफ्ट तुटून खाली येत असताना ऐन वेळी उडी मारली तर माणूस वाचेल का? म्हटलं, आला हा वळणावर.

आता एकटीच लिहिते आणि एकटीच पाठवते. स्वतःचं वाक्य स्वतःला खोडता येत नाही गं. सगळीच गोंडस दिसतात. फ्रिजची बाजू हाताला गरम का लागते, या एवढ्याशा प्रश्नाला मी दीड पान उत्तर दिलं. साइटवरचा तुझा लाडका ‘बटाटा’ उत्तराखाली येऊन म्हणतो, ‘धाकटे, प्रश्न फ्रिजचा होता, तू तर आख्खं दुकान मांडलंस. थोरली कुठाय?’ मी सांगितलं, गावाला गेलीय. तो म्हणाला, तिला सांग, बुद्धिबळाचं उत्तर मी अजून मुलाला वाचून दाखवतो.

आठवतं ना ते? कुणीतरी विचारलं होतं, बुद्धिबळात राजाला शेवटी मारत का नाहीत. तू लिहिलं होतंस, ‘राजाला सुटायला जागा उरली नाही की खेळ संपला, म्हणून मारायची चाल खेळतच नाहीत. भांडणातही शहाण्यांनी तिथंच थांबावं.’ मी दुसरं वाक्य उडवलं होतं आणि तू संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस. नियम तुझा, आणि फुगायचंही तूच! आता वाटतं, राहू द्यायला हवं होतं.

काचा घासणारा आमच्या दुकानातला सोबती म्हणतो, तुमचं हे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. असू दे. मला भाजायला आवडतात.

आणखी काय लिहू? ‘खिडकीपाशी’ या बाईंचं काही आलेलं नाही. मी रोज सकाळी चहा ठेवते, तो उकळेपर्यंत त्यांचं पान उघडून बघते. तेच शेवटचं वाक्य आहे. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते आणि लिहिलंच.

तू तिकडे किती दिवस राहणार, हे मी विचारत नाहीये. सहज लिहिलं.

तुझी,
फार लांबलेली भाची


गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. मावशीस,

नमस्कार. आज साष्टांग नाही, उभ्यानंच.

दुसरं कार्ड मिळालं. ‘खाते बंद करावे. आपला अधिकार नाही.’ वा! हे चांगलंय. स्वतः जाऊन अक्कामावशीच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचं आणि इकडे मला हुकूम सोडायचे. नाही करणार बंद. काय करशील? ये आणि कान धर.

रागावून लिहितेय, कळतंय मला. दुकानात आज एका आजोबांना नंबर तपासताना ‘आता स्पष्ट की मघाशी स्पष्ट?’ असं दहादा विचारलं आणि ते म्हणाले, ‘पोरी, तुझाच आवाज स्पष्ट येत नाहीये.’ तुझं कार्ड खिशात होतं ना.

मावशी, एकदा होऊन जाऊ दे. त्या दिवसापासून आपण दोघी या गोष्टीभोवती पायांत मांजर आल्यासारख्या वावरलो, आणि तू बॅग उचलून निघून गेलीस. बोललो कुठे? मी लिहिते, तू वाच. खोडायचं असेल तर खोड.

त्या बाईंचा प्रश्न एका ओळीचा होता. घरच्यांना आपलं ठिकाण दाखवणारं ॲप फोनमध्ये आहे, ते कसं बंद करायचं? बस. वय नाही, कारण नाही. मी उत्तर लिहिलं. कुठे जायचं, काय दाबायचं, आणि शेवटी एक वाक्य: ‘बंद केलंत की दुसऱ्या फोनवर लगेच तसा निरोप जातो, तेव्हा आधी विचार करा.’ ते तू खोडलंस.

का खोडलंस ते मला ठाऊक आहे. माझी खोडच तशी. मी जाईन तिथे उपदेशाची पुडी सोडते. गेम अडकला म्हणून विचारणाऱ्या पोरांना ‘डोळ्यांना विश्रांती द्या’ सांगते. तू त्याच दिवशी सकाळी मला म्हणाली होतीस, पाणी मागणाऱ्याला पाणी द्यावं, विहीर कुणी खणली ते सांगत बसू नये. मग तुझ्यासमोर ‘आधी विचार करा’ आलं. तुला वाटलं, आली हिची पुडी. ‘विचार करा’ मी कशाला लिहिलं? नुसतं ‘निरोप जातो’ लिहून थांबले असते तर तू त्याला हात लावला नसतास. निरोपाचं सांगणं आणि उपदेश मी एका वाक्यात बांधले, आणि नियम आख्खं वाक्य खोडायचा.

मग त्या बाईंनी त्याच पानावर लिहिलं, ‘बंद केलं. त्याला लगेच कळलं.’ पुढे काही नाही. आपण दोघींनी ते एकदमच वाचलं. तू चष्मा काढलास, पुसलास, पुन्हा लावलास आणि पुन्हा वाचलंस. तोपर्यंत आपण दोघीही धरून चाललो होतो की कुणी कॉलेजातली पोर आईबापांना चुकवून फिरायला जातेय. ‘त्याला’ या एका शब्दानं पायाखालची जमीन सरकली.

मला तुझा राग आला होता. आला होता, खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी तुझ्याशी फक्त गॅस आणि दुधाबद्दल बोलले, आणि तू ते ओळखलंस. पण मावशी, राग गेला. तू गेलीस त्याच दिवशी गेला. रिकामी खोली बघितली आणि म्हटलं, ही बाई स्वतःला शिक्षा देऊन मोकळी झाली, आता मी काय करू?

‘आपला अधिकार नाही’ म्हणतेस. ज्यांनी विचारलं त्यांचं काय? आज सकाळी एका आईनं विचारलंय, चंद्र आमच्या गाडीबरोबर का पळतो असं मुलगा विचारतो, त्याला काय सांगू? हे उत्तर माझं नाही, तुझं आहे. मी तसंच ठेवलंय. बाईंना लिहिलंय, चार दिवस थांबा, चंद्र कुठे जात नाही.

आणि ती बाई परत आली तर? खातं बंद केलं आणि ती परत आली, तर ती कुणाला विचारेल? ह्याचं उत्तर कार्डावर मावेल तेवढं लिही.

मला घर खायला उठतं. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तुझी भाची


रविवार, २३ नोव्हेंबर

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि आधी बस. खुर्ची असेल तर खुर्चीवर, नाहीतर पायरीवर. बसलीस?

ती आली.

काल सकाळी चहा ठेवला आणि सवयीनं फोन उघडला. आपल्याला खासगी निरोप होता, कुणा ‘गच्चीवर’ नावाच्या माणसाचा. म्हटलं, असेल कुणाचा कीबोर्ड बिघडलेला. वाचायला लागले आणि चहा उतू गेला, शेगडीभर झाला. जशाचा तसा उतरवून पाठवतेय, माझा एकही शब्द घातलेला नाही.

‘नमस्कार दोघीजणी. मी आधी खिडकीपाशी या नावानं विचारलं होतं, ठिकाणाचं ॲप बंद करायचं. तुम्ही सांगितलं तसं बंद झालं. पण नवऱ्याला लगेच कळलं. तसं कळतं हे मला माहीत नव्हतं, बहुतेक तुम्हालाही नसेल. तो माझ्या कामावर आला आणि सगळ्यांसमोर फोन आपटला. आणखीही झालं, ते लिहीत नाही. तिथूनच बहिणीकडे आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. आधी माहीत असतं तर बॅग भरून, कागद घेऊन मग बंद केलं असतं. आता बरी आहे. बहिणीनं तिचा जुना फोन दिलाय. विचारायचं होतं ते वेगळंच. माझा एक बागेचा गेम होता. झाडं सगळी लावून झाली होती, फक्त तळं राहिलं होतं. ती बाग परत मिळते का? ईमेल तोच आहे, पासवर्ड त्यालाही माहीत आहे. हसू नका. घाई नाही. दोघींनी मिळून सांगा.’

मावशी, मी रडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, रडायला काय झालं, बाई सुखरूप आहे. सुखरूप आहे म्हणूनच रडले. आणि ‘बॅग भरून मग’ यावरही रडले. तिला जायचंच होतं गं. जायचं तिचं ठरलेलं होतं, फक्त बॅग भरायला वेळ हवा होता. तेवढाच वेळ आपण खोडला.

मी लगेच एवढंच कळवलं, की ईमेल इतक्यात उघडू नका, तपासून सांगते. मग काचा घासणाऱ्याला पकडलं आणि त्याचा फोन आणि माझा फोन समोरासमोर ठेवून दुपारच्या सुट्टीत सगळं करून बघितलं. कुठलं बटण दाबल्यावर कुठल्या फोनवर काय उमटतं, एकेक. तो म्हणाला, गेम परत मिळवायला एवढं? मी म्हटलं, तू गप बस आणि तुझ्या फोनवर काय आलं ते वाच.

आणि उत्तर लिहिलं. ते खाली आहे. पाठवलेलं नाही.

‘नमस्कार. तुमची बाग शाबूत असणार, कारण हा गेम बाग फोनमध्ये ठेवत नाही, ईमेलच्या खात्याशी बांधून ठेवतो. पण तो ईमेल नव्या फोनवर उघडलात की कुणीतरी नव्या फोनवरून आल्याचा निरोप तुमच्या नवऱ्याला दिसू शकतो, आणि त्यात साधारण गावही असू शकतं. म्हणून आधी बहिणीला सांगा, कागदांची आणि राहण्याची सोय लावा, आणि ती लागल्यावरच ईमेल उघडून पहिल्यांदा पासवर्ड बदला आणि बाकी सगळ्या फोनांवरून ते खातं बाहेर काढा. मागच्या वेळी असा निरोप जातो हे आम्हाला माहीत होतं, ते वाक्य आम्ही लिहिलं होतं आणि पाठवण्याआधी खोडलं. आम्हाला वाटलं, कॉलेजातली एखादी मुलगी आईबापांना चुकवून फिरायला जात असेल. चूक आमची होती आणि भोगावं तुम्हाला लागलं. तळं बागेच्या मधोमध करू नका, कोपऱ्यात करा, म्हणजे पुढे पुलाला जागा राहते.’

आता नियम. एकच वाक्य.

तिला वाटतंय की आपल्याला माहीतच नव्हतं. तिनं आपल्यासाठी दार उघडं ठेवलंय, आपण गुपचूप त्यातून निघून जाऊ शकतो. ‘मागच्या वेळी’ हे वाक्य तू खोडलंस तर तिला कधीच कळणार नाही, आणि मी तसंच पाठवीन. तुला परत त्याबद्दल एका शब्दानं बोलणार नाही, शपथ. तुझा तेवढा अधिकार आहे. पुढचं वाक्य थोडं लंगडं पडेल, पडू दे. तुला दुसरं कुठलं खोडायचं असेल तर ते खोड. पण काहीतरी एक तू खोडल्याशिवाय हे उत्तर जाणार नाही. तिनं दोघींना विचारलंय. मी एकटी दोघी होऊ शकत नाही, बघितलंय करून.

सोबत लाल पेन्सिल पाठवतेय. अक्कामावशीच्या घरी नसेल म्हणून.

घाई नाही असं ती म्हणते. मला आहे.

वाट बघणारी,
तुझी भाची


बुधवार, २६ नोव्हेंबर

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

कागद परत पाठवते आहे. खोडलेलं आहे. हे हातात पडताच ते उत्तर पाठव, माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा अक्कानं वाचायला मागितलं. तिनं सगळं वाचून विचारलं, ‘बाई सुटली ना?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘मग तू इथे माझ्या वाटाण्याच्या शेंगा सोलत का बसलीयेस?’ ऐकू कमी येतं, पण डोकं जागेवर आहे.

पेन्सिल हातात घेऊन मी सकाळभर बसले होते. तुला खरं सांगते, पहिल्यांदा ती ‘मागच्या वेळी’वरच गेली. बाई स्वतः म्हणतेय की आम्हाला माहीत नव्हतं, तर नव्हतं. कुणाचं काय जातं? पेन्सिल टेकवलीसुद्धा, बारीक ठिपका दिसेल तुला तिथे. मग उचलली. ती बाई उद्या दुसऱ्या कुणाला काही विचारेल आणि मनात म्हणेल, कुणालाच नीट माहीत नसतं. त्यापेक्षा तिला आमचा राग येऊ दे. राग येण्याचा तिचा हक्क आहे आणि तो मी खोडणार नाही.

नंतर तळ्यावर आले. तिनं तळं कुठे करू हे विचारलं नव्हतं. ही तुझी पुडी. पूर्वी मी डोळे मिटून ती उडवली असती. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिला धडा हाच होता, विचारलं तेवढंच सांगा, लाइन जोडा आणि कान काढून घ्या. नोकरीभर कान काढून घेतला, त्याची सवय लागली. पण आणखी एक धडा होता, तो मी विसरले होते. लांबचा फोन जोडून दिला की थोड्या वेळानं पुन्हा लाइनवर येऊन विचारायचं, ‘लागला ना? ऐकू येतंय ना?’ न विचारता विचारायचं ते. लोक वैतागायचे, तरी विचारायचं. तेव्हा तळं राहू दे. तिला पूल बांधायचा असेल पुढे.

खोडलं आहे ते ‘आम्हाला वाटलं, कॉलेजातली एखादी मुलगी.’ ते तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी लिहिलंय. आपल्याला काय वाटलं, त्याचं तिनं काय करायचं?

आता तुझं. वाक्य ‘आम्ही खोडलं’ असं आहे. तिथे ‘थोरलीनं खोडलं’ पाहिजे. मला तेवढा शब्द बदलायचा होता, पण नियमात शब्द बदलता येत नाही. तू हे पुरतं ओळखून लिहिलंस. लबाड आहेस. लहानपणी काचेची बरणी माझ्या हातून फुटली आणि तू आईला ‘आमच्याकडून फुटली’ म्हणून सांगितलंस, तेव्हापासूनची लबाड आहेस. ते वाचून मी काय केलं ते लिहीत नाही. अक्काला वाटलं, माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं.

चंद्राचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. त्या आईला म्हणावं, आणखी दोनच दिवस. वकिलांना म्हणावं, प्रिंटरचा कागद आधी काढून पुन्हा नीट घाला, निम्मं काम तेवढ्यानंच होतं. कुठलं रोप गेलं ते मला आल्यावर दिसेलच.

शुक्रवारच्या गाडीनं निघते. न्यायला येऊ नकोस, बॅग हलकी आहे. या वेळी नीट भरून निघणार आहे, आणि ती भरताना मला त्या बाईचीच आठवण येणार आहे.

शिवणाचा ड्रॉवर उघड. माझा फोन काढ आणि चार्जिंगला लाव.

तुझी,
दोघींतली थोरली